खंड

पॉलिसी संपली अकरा नोव्हेंबरला.
मला कळलं तेवीस फेब्रुवारीला,
तेही गॅसची पावती शोधताना.
बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली,
आपोआप जायचा तो हप्ता गेला नाही,
आणि आठवणीचा मेसेज
मी कधीच बंद केलेल्या नंबरवर
इमानेइतबारे वाजत राहिला.

फोनवरची हर्षदा फार गोड बोलली.
"काळभोर मॅडम, नव्वद दिवस आम्ही थांबतो.
तुमचे एकशे चार झाले.
सवलत होती पस्तीस टक्के, ती आता शून्य.
पॉलिसी नवी निघेल, घराची पाहणी करून."
म्हटलं, अगं, नऊ वर्षांत एक रुपया मागितला नाही मी.
"हो ना मॅडम, म्हणूनच तर सवलत होती."

मागितला नाही म्हणजे काय, ते तिला कसं कळावं.
तिसऱ्या वर्षी वरच्या बोकिलांची मोरी गळली,
माझ्या कपाटाची पाठ फुगून पुरी झाली.
सहाव्या वर्षी फ्रिज जळाला,
ओट्यावरची अर्धी भिंत काळी.
दोन्ही वेळा कागद काढले, चष्मा लावला,
मिळणार किती, सवलत जाणार किती,
आणि कागद पुन्हा पिशवीत.
सुतार, वायरमन, रंगारी, सगळे पेन्शनीतून.
गप्प बसण्याचं बक्षीस सांभाळायला
मी आणखी गप्प बसत गेले.

सवय जुनीच.
सासवडला, निबंधकाच्या कचेरीत,
पंख्याखाली उडणाऱ्या हक्कसोडपत्रावर
सुधाकरने पेपरवेट ठेवला, म्हणाला,
अक्का, फक्त सही.
मीही म्हटलं, जमीन कुणाला हवी, माहेर राहू दे.
त्यानंतर दर भाऊबीजेला साडी,
हंगामात अंजिरांची पाटी.
दावा न केल्याची सवलत म्हणायची तर हीच.
मग एका दिवाळीला गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी गेले नाही.
पुढच्या दिवाळीला त्यांनी बोलावलं नाही.
त्याच्या पुढच्या दिवाळीला
कोणीच कोणाला काही म्हटलं नाही.
पाटी थांबली.
नव्वद दिवसांत फोन करायचा असतो
असं कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

पाहणीला इनामदार नावाचा मुलगा आला.
बूट दाराबाहेर काढले, पाणी नको म्हणाला.
भिंती, मीटर, खिडक्यांचे गज,
सगळ्यांचे फोटो काढले.
"मधल्या काळात काही नुकसान?"
नाही.
"चोरी, आग, गळती?"
काहीच नाही झालं रे बाबा.
त्याने 'नाही'वर टिचकी मारली.

मी विचारलं, नऊ वर्षं काही झालं नाही, ते मोजलंत.
हे एकशे चार दिवसही काही झालं नाही,
ते का नाही मोजत?
तो थांबला. कर्वेनगरात
असे प्रश्न त्याला रोज येत असावेत.
"काकू, तेव्हा काही झालं असतं तर आम्ही भरलं असतं.
म्हणून तेव्हाचं न होणं आमचंसुद्धा.
हे न होणं तुमचं एकटीचं."

तो गेल्यावर चहा केला, तो निवला.
शून्य टक्के.
म्हणजे आता मागितलं,
तर जाणार काय?

सासवडला फोन लावला.
पाचव्या रिंगला आवाज आला, पूर्वीपेक्षा जाड.
"कोण?"
खुशाली विचारली नाही.
म्हटलं, आईचा तांब्याचा बंब मला हवाय.

पलीकडे बराच वेळ नुसता
विहिरीवरच्या मोटरचा आवाज.
मग सुधाकर म्हणाला,
"तोटी गळतीये त्याची."
गळू दे.
"रिक्षात नाही मावायचा. टेम्पो लागेल."
लागू दे.
"आणि भाडं?
भाडं कोणी द्यायचं, अक्का?"