घट्ट पाणी

फुजैराच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
माझं काम लोकांना गिळायला शिकवण्याचं.
आईला अजून ते खरं वाटत नाही.
"त्यात शिकवायचं काय?" ती फोनवर विचारते,
"तान्ह्या पोरालाही येतं."

येतं, आई.
आणि जातंही.

सरफुद्दीन मुकादम, दाभोळचे,
सव्वीस वर्षं टगबोटीवर दोर फेकणारे,
एका पहाटे अर्धं तोंड गमावून आले.
शुद्धीवर येताच त्यांनी पाण्याची खूण केली.
मी पेल्यात पावडर टाकून ढवळलं,
काकवीसारखं ओघळणारं, बेचव.
त्यांनी चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"ह्याला पानी बोलतात?"

मग मी सांगितलं, सगळ्यांना सांगते तसं:
घशात थोडं अंतर एकच वाट आहे.
तिथून दोन फुटतात,
पुढची हवेची, मागची अन्नाची.
घास आला की स्वरयंत्र अख्खंच्या अख्खं वर सरकतं,
(कंठावर बोट ठेवा, लागेल हाताला)
वरचं झाकण कलतं,
आणि तेवढा वेळ, सेकंदभर,
श्वास उभा राहतो.
दिवसातून शेकडो वेळा आपण असे थांबतो
आणि आपल्याला पत्ता नसतो.

"टँकर निघाला," ते म्हणाले,
"का आमी उभे. तो गेला, मंग आमी."

एवढं बोलताना तीनदा ठसका लागला.
"घरी आठवण काढतायत," मी म्हटलं.
खरं तर त्यांची लाळच
पुढच्या वाटेने निघाली होती.

रमजान लागला.
आजाऱ्याला रोजा माफ असतो,
नाकातल्या नळीतून दूध जातच होतं,
पण तोंडाचा उपास काही सुटेना.
इथे सूर्य समुद्रात बुडत नाही,
मागच्या उघड्या डोंगराआड जातो.
सव्वीस वर्षांत त्यांना हे पटलं नव्हतं.
रोज संध्याकाळी ते चुकीच्या खिडकीकडे बघत.

एकविसाव्या दिवशी अजान सुरू झाली
तेव्हा चमचा माझ्या हातात होता.
हनुवटी छातीला. श्वास धरा.
माझी दोन बोटं त्यांच्या गळ्यावर,
दाढीचे खुंट, खाली कंठमणी
जरा उचलला,
अडखळला
(मी मनात कुणाची तरी आळवणी केली, कुणाची ते आठवत नाही)
आणि गेला वर, पूर्ण.
खाली आला.

"खोका. आता बोला काहीतरी."
वाट चुकलेलं पाणी आवाजात ऐकू येतं,
आवाज ओला होतो.
"काय बोलू?" ते म्हणाले.
कोरडा. खणखणीत कोरडा.

रात्री खोलीवर आईचा फोन.
तिचं जेवण चाललेलं, वाटी वाजत होती.
"सुट्टीचं काय झालं गं?"
"नाही मिळत."
तिला ठसका लागला. बराच वेळ.
"कोण मेलं आठवण काढतंय," ती म्हणाली.
"जेवताना बोलू नकोस,"
मी म्हटलं, अगदी तिच्याच सुरात.

नंतर ती काही बोलली नाही. मीही.
सवयीने माझी दोन बोटं गळ्यावर गेली.
कंठमणी वर गेला, झाकण कललं,
श्वास थांबला, पुन्हा सुरू झाला.
सगळं व्यवस्थित, पुस्तकात असतं तसं.

तोंडात काहीच नव्हतं.