नमुन्यात नसलेला रकाना

ग्रामसेवक उरकुडे जिल्ह्याहून आलेला नमुना वाचतात:
पट्टीचे पोहणारे.
सोळा नावं. सगळी बाप्यांची.
मागून सिंधूबाई भानारकर,
"माहं लिवा. मले चालाच्या आधी पवता येत होतं."
हशा. मग कोणी हसत नाही.
सतरा.

पूररेषा कागदावर निळी,
शाळेच्या भिंतीवर गेरूची,
आणि डोमाजीच्या कोठ्यात, खांबावर,
वाळलेल्या गाळाची.
तिन्ही जुळत नाहीत.
गाळाची धरायची, ठरतं.

धरणाची दारं उघडली की भोंगा वाजेल,
देवळावरचा, विहारावरचा.
"अन् सुक्रूले?"
सुक्रू जन्माचा बहिरा,
नदीकडचं शेवटलं घर.

उरकुडे पट्टी मागतात,
समासात उभी रेघ ओढून वर लिहितात:
कोण कोणाला उठवेल.

चहा दुसऱ्यांदा येतो. लाइट जाते.
टॉर्चच्या उजेडात नववीतली पौर्णिमा म्हणते,
सुक्रूमामाले मी.
"तुले कोन?"
ती सिंधूबाईकडे बोट दाखवते.
"अन् सिंधूबाईले?"
"मले नदीच उठवते, बाप्पा."

उरकुडे तेही लिहितात.
मग, तपासणीत अडेल म्हणून, खोडतात,
पोलीस पाटलाचं नाव घालतात.