यादी

रुवीत शुक्रवारी दुपारी शटरं खाली असतात,
मागे बोडका डोंगर तव्यासारखा तापलेला.
तेव्हा आम्ही जमतो घाणेकरांच्या फ्लॅटवर,
चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत.
रजिस्टरात मी लिहितो : भजन मंडळ, हजर सतरा.
पक्षाचं नाव इथे कागदावर येत नाही.
दुसऱ्याच्या मुलखात मीठ खातो, एवढं कळतं आम्हाला.

आधी अथर्वशीर्ष, मग आरती, मग पोहे,
मग यादी.
गावाकडच्या मतदारांची, वाडीवार, मी हाताने आखलेली.
नावापुढे बरोबर, नावापुढे फुली,
ज्यांचं सांगता येत नाही त्यांना पेन्सिलीचा ठिपका.
एकोणतीस वर्षं केलं हे.
पूर्वी कार्ड खरवडून नंबर लावायचो,
पहिल्या मिनिटात खुशाली, दुसऱ्यात मत.
तिसरं मिनिट परवडत नसे.

या वर्षी यादी पुढे सरकेना.

घाणेकरांचा ओजस, तेवीस वर्षांचा,
सोहारच्या कारखान्यात नुकता चिकटलेला,
म्हणाला, तुम्ही नुसते पोहे खात बसलात, काका.
आणि मोबाइलवर काहीतरी लावलं.
ढोल, धूर, एक माणूस ओरडत होता,
देवाचं नाव असं घेत होता
जशी कुणाची गचांडी धरावी.
नाव ऐकून घाणेकरांचे हात जोडले गेले, सवयीने,
मग त्यांनी ते हळूच मांडीवर ठेवले.
म्हणाले, बारीक कर रे, खाली शिंपी झोपला असेल.
शिंपी मुलतानचा. आमच्या मखराचा पडदा
दरसाल तोच शिवतो, मजुरी निम्मी घेतो.
ओजसने आवाज वाढवला नाही.
बारीकही केला नाही.

आणि आमची शर्वाणी.
सोळा सोमवार करते, कडक, पाणीसुद्धा मोजून.
इस्पितळात दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून येते
आणि रात्री रुद्र म्हटल्याशिवाय झोपत नाही.
तिच्या वाट्याला मी खालची वाडी दिली होती, बारा घरं.
तिने कागदाची घडी घालून परत दिला.
मी म्हटलं, का गं, देवावरचा विश्वास उडाला?
म्हणाली, देव आहे तिथेच आहे, बाबा.
तुम्ही परकारांच्या घरापुढे फुली मारलीय.
फोन न करताच.
मी म्हटलं, ती आपली नेहमीची पद्धत.
म्हणाली, हो.

एवढंच.
भांडली असती तर बरं झालं असतं,
भांडणाला उत्तर असतं माझ्याकडे.

परत येताना ओजस आमच्याच गाडीत, त्याची बस चुकली होती.
दोघं मागे, दोन खिडक्यांना लागून.
दारसैतला देवळाचा रस्ता आला
आणि दोघांचेही हात छातीशी गेले, एकदमच.
आरशात मी पाहिलं.
त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

रात्री परकार गुरुजींना फोन लावला.
ओळख सांगितली. खुशाली झाली.
गुडघे, आंब्याचा मोहोर, त्यांच्या नातवाचं कतारचं काम.
तिसरं मिनिट केव्हा सुरू झालं कळलं नाही.
मग म्हातारा खोकला आणि म्हणाला,
मतासाठी केलास ना? विचार की, लाजतोस कशाला.
मी म्हटलं, छे.
खरं बोललो की खोटं, मलाही सांगता यायचं नाही.

फुली बॉलपेनची होती.
खोडरबर घासलं तर कागद विरला,
पलीकडच्या पानावरचं नाव दिसायला लागलं.

माझं मत कुठे पडणार ते ठरलेलं आहे. ते हललं नाही.
तिकिटं मात्र दोन काढली होती, अठरा तारखेची.
दुसरं रद्द केलं तर निम्मे पैसे बुडतात.
अजून केलेलं नाही.