चाळीसपाशी

रबाळ्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर
म्हात्रेकाकू अंधारात अंडी बघतात.
एकेक उचलून दिव्यावर धरायचं,
आत लाल शिरांचं जाळं, मधे ठिपका हलतोय:
"यो जित्ता हाय." ट्रेमध्ये.
"यो नाय." बादलीत.
घणसोलीच्या अंगणात, खुडूक कोंबडीखाली
एकवीस दिवस मोजलेत त्यांनी जन्मभर.
इथे आम्ही अकराव्याला थांबतो.
अकराव्याला सुई, मग तीन दिवस ऊब, मग थंडी.
पहिल्या आठवड्यात त्या जेवल्या नव्हत्या.
आता डब्यात बोंबील असतात. अंडं कधीच नाही.

विषाणू अंड्यात छान वाढतो.
अडचण तीच.
वाढता वाढता अंड्याचीच बोली उचलतो,
एखादं अक्षर इकडचं तिकडे,
जशी काकूंची धाकटी कामोठ्याला सोसायटीत राहायला गेली
आणि दिवाळीला आली तेव्हा "नाय"चं "नाही" झालं होतं.
काकू हसल्या. मग बराच वेळ हसल्या नाहीत.
लशीत जातो तो अंड्यातला,
घशात येतो तो दुसराच,
आणि शरीर दारात उभं राहून
चुकीच्या उच्चाराची वाट बघतं.

दूर कुठेतरी वर्षातून दोनदा बैठक बसते,
उत्तरेचा हिवाळा, दक्षिणेचा हिवाळा.
आमच्याकडे ताप पावसात येतो, थंडीतही येतो.
त्यांच्या दोन्ही पंचांगांत
ठाणे जिल्हा नीट बसत नाही.

माझं काम शेवटचं: ताट वाचणं.
शहाण्णव खळगे, करंगळीच्या पेराहून लहान.
आधी सीरम, दहापट पातळ, वीस, चाळीस, ऐंशी.
मग विषाणू. मग कोंबडीचं रक्त, थेंब थेंब.
अर्धा तास हात लावायचा नाही.
शरीरानं ओळखलं असेल तर रक्त तळाशी उतरतं,
गोल लाल टिकली.
नसेल ओळखलं तर पसरतं,
नुसतं धुकं.
चाळीसपाशी टिकली टिकली, तर आम्ही म्हणतो: बरं.

एकशे सतरा. नाव मला कळू नये असा नियम.
वय एकाहत्तर, कळवा.
गेल्या वर्षीच्या विषाणूला ऐंशीपर्यंत टिकली.
यंदाच्याला दहाला आहे, वीसला कडा विस्कटलेली,
चाळीसला धुकं.
पुन्हा लावलं. पुन्हा धुकं.

गटांची यादी परवा उघडली: हा नव्या लशीतला.
विषाणूचं डोकं दरसाल टोपी बदलतं,
खालचा देठ सहसा तोच,
म्हणून ही लस देठ धरायला शिकवते.
शिकलं असेल त्याचं रक्त. नसेलही.
माझं ताट फक्त डोकं बघतं,
देठाला कुणी धरलंय
ते टिकलीत उमटतच नाही.
त्याला दुसरी चाचणी, आणि तिच्या आकड्याला
"बरं" कुठपासून म्हणायचं
ते अजून ठरलेलं नाही.

काकू हात धुऊन येतात.
"यंदा तरी लागल का गो?"
बघू, म्हणते मी.
न विचारता ताट उचलतात, दिव्यासमोर तिरकं धरतात.
दहाची टिकली हळूच ओघळते,
घामात कपाळावरचं कुंकू ओघळावं तशी.
"हालते बग," त्या म्हणतात. "जित्ती हाय."

मी ताट घाईनं काढून घेते.
हातमोजे नव्हते त्यांच्या हातात.