घरगुती कारण

वाडीच्या गोदामात रात्री साडेतीनला
ट्रकवाल्यांचेही आवाज संपतात.
मी रजिस्टरवर सही करतो, तासातासाला,
म्हणजे मालकाला कळावं की जागा होतो.
माझ्या बरगड्यांआड आणखी एकजण जागा असतो.
त्याला सही येत नाही.

सहाला ड्यूटी सुटते.
अमरावती रोडनं सायकल, जानेवारीचं धुकं,
बुटांच्या लेस हँडलला गुंडाळलेल्या.
फुटाळ्याच्या वळणावर डोळे आपोआप मिटतात
आणि कुणाच्यातरी हॉर्ननं उघडतात.
रविनगरच्या मैदानात पोरं केव्हाची अंग मोकळं करून उभी.
सोळाशे मीटर, चार फेऱ्या.
पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलो तर वर्दीचं बोलायचं,
नाहीतर गोदाम आहेच.

पहिली फेरी पायांची.
पाय मूर्ख असतात, त्यांना रात्र माहीत नसते.
दुसरीत छातीचं शटर
कुणीतरी आतून बडवायला लागतं.
ओळखीचा आवाज आहे हा;
माल उतरवायला आलेला हमाल असाच बडवतो,
चौकीदाराला डुलकी लागली असं वाटलं की.

पण मी झोपलो नव्हतो.
तोच तर घोटाळा.

तिसऱ्या फेरीच्या वळणावर एक ठोका चुकला.
चुकला म्हणजे, अंधारात पायरी समजून पाऊल टाकावं
आणि पायरीच नसावी.
मग दोन ठोके एकदम, घाईघाईत,
उशिरा आलेल्या नोकरासारखे.
मी थांबलो नाही,
थांबवल्या गेलो.

कुळमेथे सरांनी दोन बोटं मानेला लावली,
घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजलं.
"कालच्याहून हळू पळला बे तू,
अन् हे कालच्याहून जोरात पळून राहिलं.
किती झोपला?"
दुपारी दोन तास, म्हटलं.
खोली एकच आहे, बहिणीची शिकवणी असते,
बावीस पोरं पाढे म्हणतात.
सर रागावले नाहीत.
लांब उडीच्या वाळूकाठी बसवलं मला.
"त्याले रविवार नसते, बापू.
तू झोपतो ना, तवा ते जरासं हळू चालते.
तेवढीच त्याची सुट्टी.
तू ते बी घेऊन राहिला."

मोरेश्वर बारापात्रे पाच-चारमध्ये आला.
त्याची आई नऊला दिवा बंद करते.
फाटकाबाहेर तर्री-पोह्यांचा वास सुटला होता
आणि मी वाळूत बसून हिशेब करत होतो:
आठ महिने रात्रपाळी,
रात्रीचा भत्ता चाळीस रुपये,
त्यातला एक छदाम त्याच्या हातावर ठेवला नाही.
उलट सकाळी इथे आणून
वर फुकटचा ओव्हरटाइम.

पाच मिनिटं आडवा होतो म्हणालो.
जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर,
मैदान रिकामं,
अंगावर कुणाचातरी मरून स्वेटर,
कानात वाळू.
छातीवर हात ठेवून पाहिला.
एक.
मग बराच वेळ काही नाही.
मग एक.
चपला हातात घेऊन
कुणी रात्री उशिरा घरात शिरावं
तसं चाललेलं त्याचं, बेतानं.
मला उठवत नाही ना, याची काळजी घेत.

संध्याकाळी अर्ज लिहिला,
दिवसपाळी मिळणेबाबत.
कारणापाशी पेन अडला.
छातीचं लिहावं तर कामावरून काढतील,
भरतीचं लिहावं तर हसतील.
'घरगुती कारण' असं लिहिलं.
सुपरवायझरनं घडी घालून खिशात ठेवला.
"पाहू. आज तर ये."

नऊला गेलो.
थंडी कालच्यासारखीच, शटर पाडलेलं,
आयुधनिर्माणीकडून कुत्र्यांचं भुंकणं.
दहाची सही केली
आणि खालची एक ओळ
कोरी सोडली.