तेविसावी ओळ

नाताळला अकरा दिवस होते.
सेक्रेटरी फोनवर म्हणाले, पेंटर, फ्लेक्स नको,
हातानंच पाहिजे, होता तसा.
टर्पेंटाइन, तीन ब्रश आणि पिवळ्याचे दोन डबे घेऊन
कोल्हापुरातनं पहिल्या एस्टीनं
पन्हाळ्याच्या पायथ्याला उतरलो.
गुऱ्हाळाचा धूर अजून जमिनीवरच होता.

प्रार्थनामंदिर एवढंसं.
मंगलोरी कौलं, आत बारा बाकं,
आणि बाहेर व्हरांड्यात, दाराच्या उजव्या हाताला,
शिसवी फळा:
या गावातून महायुद्धावर गेलेले.
खाली तेवीस ओळी.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचीच नावं रंगवली.
तालमीची, रसवंतीची, ट्रॉलीच्या फाळक्यावरची,
कमानीवर गेलेल्या पैलवानांची.
अक्षर बघून सांगतो,
लिहिणारा घाईत होता की उपाशी.
हा सावकाश होता. काना सरळ,
ळ-च्या पोटात थोडी हौस.

वरून सुरुवात केली.
लूक सिदू आवळे, टोब्रुक.
स्तेफन मसू सातपुते, इम्फाळ. पुढं बारकासा क्रूस.
शमुवेल यल्लाप्पा दाभाडे, खेचरवाला.
तिमथ्य भाऊ घस्ते, स्वयंपाकी.
दोघे सख्खे भाऊ एकाच ओळीत,
जागा वाचवायला.
केरेन लिहिताना थांबलो. हे कुठं आलं?
सेक्रेटरी म्हणाले, आहे तसं लिवा,
तिथं कोण बघाय जातंय.

उन्हानं मेलेला रंग पापुद्रे धरतो.
पावसानं मेलेला फुगतो.
तेविसावी ओळ तशी नव्हती.
सगळ्यात खाली, माझ्या छातीशी,
लाकूड गुळगुळीत, किंचित खोलगट,
नांगराच्या मुठीसारखं तेलकट काळं.
क्रूस होता.
नाव नव्हतं.

रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं.
मिशनचं कागदांचं गाठोडं कुणी म्हणे पुण्याला नेलं,
कुणी म्हणे पुरात गेलं.
दुपारपर्यंत चार नावं आली,
दोन घरं तर भांडायच्याच तयारीनं.

मार्थाबाई फरशी पुसत होत्या.
फडका पिळता पिळता म्हणाल्या,
"त्ये उन्हापावसानं न्हाई गेलं, पेंटर.
मी ल्हान हुते. एक म्हातारी यायची माळावरनं,
घंटा व्हायच्या आदी.
वाचाय येत न्हवतं तिला.
पाद्रीणबाईनं एकदा बोट धरून दावलं,
ह्यो बग, हितनं हितपतूर, तुजा.
मग दर आयतवारी
हितनं हितपतूर."

नाव काय तिच्या पोराचं?

"आमी तिला थोरली आई म्हणायचो."
आणि बादली उचलून आत गेल्या.

पट्टी लावली. साडेनऊ इंच.
तीन शब्द बसतात, आडनाव लांब असेल तर दोनच.
खडूचा दोरा मारला,
बराच वेळ नुसता उभा राहिलो,
मग ओल्या बोटानं तो पुसला.
पुसताना कळलं, बोट आपोआप
त्या खोलगटात बसतंय,
डावीकडून उजवीकडं घसरतंय.
शेवटाला झीज जास्त.
तिथं ती थांबत असणार.

क्रूस तेवढा नव्यानं काढला.
व्हार्निशचा हात बावीस ओळींवरून फिरवला,
खाली आलो नाही.

बिल लिहिलं: नावं बावीस, क्रूस सहा.
सेक्रेटरींनी चष्मा वर केला,
नाव नि क्रूस वेगवेगळं लावता होय?
मी म्हटलं, या वेळी लावलंय.
त्यांनी पन्नास रुपये कापले, चहा पाजला.

स्टँडवर बराच वेळ गाडी नव्हती.
हात नेहमीसारखे पिवळे,
नखांपर्यंत.
उजव्या हाताची तर्जनी तेवढी काळी, तेलकट.
रॉकेलनं पुसायला चिंधी काढली
आणि परत खिशात ठेवली.