जाडा पुढे आहे

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन तबकड्या,
मधे मिक्सर, त्याला खेटून खाऱ्या काकड्यांची बरणी.
वूच शहरातला नोव्हेंबर. चारलाच दिवे लागलेत.

रादेकने वेगाच्या आकड्यांवर
काळी चिकटपट्टी लावून दिली आहे.
"आधी कान," म्हणाला,
आणि महिन्याचे पैसे मोजून घेऊन गेला.

एक कान हेडफोनमध्ये, एक उघडा.
एक गाणं खोलीत वाजतं,
दुसरं फक्त माझ्या डोक्यात.
पहिल्या मात्रेला सोडायचं.
सोडते.
आठ मात्रा दोघं एका पावलाने चालतात,
मग कुठेतरी उसवतं,
धप्पचं धधप्प होतं,
कुणी एक पाय ओढत जिना उतरावा तसं.

पुढे कोण, मागे कोण?
रोज इथेच अडते.
घाईघाईत पट्टी सरकवते, नेमकी उलट्या बाजूला,
आणि दोन्ही ढोल एकमेकांच्या अंगावर कोसळतात.

वैतागून दोन्ही आवाज स्पीकरवर सोडले.
आई समोर बटाटे सोलत होती.
विणकाम खात्यातल्या एकवीस वर्षांनी
तिचे कान जवळजवळ नेलेच आहेत.
तिने सुरी ठेवली. ओला तळवा टेबलावर टेकला.
"जाडा पुढे आहे."

जाडा?
"एक जाडा आहे, एक किडकिडीत. जाडा पळतोय."

तुला कसं कळलं?
"शेजारी शेजारी दोन माग असले ना, यागोदा,
की सकाळी बरोबर निघायचे,
नऊपर्यंत सुटायचे,
आणि जेवणाच्या भोंग्याआधी एकदा
आपले आपण भेटायचे. पाच-सहा ठोके.
जमिनीतून पायाला कळायचं.
हेलेना तेवढ्यात माझ्याकडे बघून हसायची."
मग कुणी जुळवून का नाही ठेवायचं त्यांना?
"कशाला?"

मी जाड्याच्या कडेला बोट लावलं,
इस्त्री तापली का बघताना लावतात, तेवढंच.
पुन्हा एकदा. पट्टी केसभर वर.
सोळा मात्रा. बत्तीस.
आईचा तळवा तसाच, सालं मनगटाला चिकटलेली.
चौसष्ट.
मी श्वास घ्यायचा राहिले.

वरच्या मजल्यावरून ब्रोनकाबाईंनी
हीटरच्या नळीवर चमचा आपटायला सुरुवात केली.
आईने डोळे मिटले, नीट अंदाज घेतला.
"ही मागे आहे," म्हणाली.